‘अँबियंट’ची सवलत आणि अवघड अल्बमांची अट

प्रायोगिक अँबियंट (म्हणजे भोवतालच्या वातावरणात मिसळून जाणारे) इलेक्ट्रॉनिक अल्बम ‘अवघड’ का वाटतात, या चर्चेत नेहमी त्यातील आवाजाकडे बोट दाखवले जाते. ठेका नाही, चाल नाही, एकच स्वर चाळीस मिनिटे धरून ठेवलेला आणि वर टेपची खरखर, अशी तक्रार असते. वास्तविक यातील एकही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. खरा वाद श्रोत्याकडून किती अवधान मागायचे याचा आहे, आणि त्याचे मूळ ‘अँबियंट’ या शब्दाच्या १९७८ सालच्या व्याख्येत सापडते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९१७ साली पॅरिसमधील एका संगीतकाराने ‘फर्निचर संगीत’ ही कल्पना मांडली. १९२० मध्ये असे संगीत एका कलादालनात, नाटकाच्या मध्यंतरात वाजवले गेले तेव्हा लोकांनी लक्ष न देता बोलत राहावे अशी त्याची इच्छा होती, पण लोक गप्प बसून ऐकू लागले. १९४८ साली त्याच शहरातून नभोवाणीवर आगगाडीच्या मुद्रित आवाजांतून घडवलेली रचना प्रसारित झाली, आणि आवाज कशातून निघाला हे बाजूला ठेवून केवळ त्याचा पोत ऐकण्याची शिस्त त्या परंपरेतून पुढे आली. एका परंपरेला श्रोत्याचे लक्ष नको होते, तर दुसरीला लक्षाखेरीज काहीच नको होते.

या दोन्ही परंपरा एकत्र आल्या त्या एका अपघातामुळे. १९७५ च्या सुरुवातीस एक ब्रिटिश संगीतकार अपघातानंतर अंथरुणाला खिळून होता. त्याने स्वतः सांगितल्याप्रमाणे, कुणीतरी आणून दिलेली हार्पवादनाची तबकडी त्याने कशीबशी लावली. आवाज फार कमी होता, स्टीरिओची एक बाजू बंद होती आणि उठून तो वाढवण्याचे त्राण अंगात नव्हते. त्यामुळे पावसाच्या आवाजात मिसळून, मधूनमधूनच कानावर पडणारे संगीत त्याने ऐकले. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, विमानतळासाठी म्हणून केलेल्या अल्बमबरोबर त्याने एक छोटे टिपण छापले आणि त्यात ‘अँबियंट’ ही संज्ञा ठरवून वापरली. तो अल्बम लांबी वेगवेगळी असलेल्या टेपच्या लूपवर, म्हणजे टोके जोडून पुन्हा पुन्हा फिरवलेल्या फितींवर, उभा आहे: प्रत्येक लूप आपल्या गतीने फिरतो आणि त्यांच्या गाठीभेटी सहसा पूर्वीसारख्या घडत नाहीत.

हे टिपण जरा सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण त्यातील एकच वाक्य जगभर फिरले. हे संगीत जितके रंजक असेल तितकेच दुर्लक्ष करण्याजोगेही असावे, असे ते वाक्य. त्यातील ‘दुर्लक्ष’ लोकांनी उचलले आणि ‘तितकेच’ सोडून दिले. याच टिपणात अवधानाच्या अनेक पातळ्यांना वाव द्यावा, कोणत्याही एकीची सक्ती करू नये, असे म्हटले आहे. म्हणजे पूर्ण लक्ष देणाऱ्यालाही तेथे जागा आहे. त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, दुकाने आणि कचेऱ्यांत वाजणाऱ्या प्रचलित पार्श्वसंगीतापासून स्वतःला वेगळे करताना लेखक म्हणतो की ते संगीत शंका आणि अनिश्चितता काढून टाकते, तर अँबियंट त्या राखून ठेवते. टिपणात शांततेचा आणि विचाराला मिळणाऱ्या अवकाशाचाही उल्लेख आहे, हे मान्य करायलाच हवे. परंतु झोपेसाठी आणि अभ्यासासाठी विकल्या जाणाऱ्या आजच्या मुळमुळीत संगीताने याच शब्दाचा आधार घ्यावा, हा शब्दाचा विस्तार नसून त्याचा अर्धाच वापर आहे. अवघड म्हणून ओळखले जाणारे अल्बम त्या उरलेल्या अर्ध्याचे, शंका आणि अनिश्चिततेचे वारस आहेत. मराठीत तर घोटाळा आणखी वाढतो. ‘वातावरणनिर्मिती’ म्हटले की नाटक-चित्रपटातील प्रसंगाला पूरक संगीत डोळ्यांसमोर येते, आणि येथे तर पूरक ठरावे असा प्रसंगच नसतो.

त्यानंतर प्रत्येक माध्यमाने या संगीताला आपापली लांबी दिली. तबकडीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांत संपत असे आणि उठून ती उलटावी लागे. कॅसेटने ही मर्यादा सैल केली, सीडीने सुमारे ७४ मिनिटे सलग दिली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका रिकाम्या भूमिगत जलटाकीत काही वादकांनी केलेले ध्वनिमुद्रण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे एका स्वराचा निनाद सुमारे ४५ सेकंद टिकत असे, त्यामुळे वादकांना स्वतःच्याच मागे राहिलेल्या आवाजाला उत्तर देत वाजवावे लागले. वाद्ये बहुतांशी इलेक्ट्रॉनिक नव्हती. पण सावकाश, खोलवर ऐकण्याची जी कल्पना त्यातून रूढ झाली, ती पुढील इलेक्ट्रॉनिक अल्बमांना सिंथेसायझरइतकीच उपयोगी पडली.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीस नृत्यगृहांतील विसाव्याच्या खोल्यांमुळे अँबियंटला मोठा श्रोतृवर्ग मिळाला, आणि त्याच वर्गाला लगेच धक्केही मिळाले. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या, अडीच तासांच्या आसपास चालणाऱ्या एका अल्बममधील जवळजवळ सर्वच रचनांना नावे नव्हती, त्यांच्या जागी छायाचित्रे होती. त्याच वर्षी एका जर्मन गटाने सीडीवर मुद्दाम खुणा करून, ती अडखळताना होणाऱ्या आवाजांतून अख्खा अल्बम उभा केला. आपले यंत्र बिघडले की संगीतच तसे आहे, ही शंका श्रोत्याच्या मनात आणणे हाच त्याचा आशय होता.

२००१ साली न्यूयॉर्कमध्ये एक संगीतकार वीसेक वर्षांपूर्वीचे टेप-लूप संगणकावर उतरवीत होता. टेप फिरता फिरता तिच्यावरचा चुंबकीय थर झडू लागला आणि प्रत्येक फेरीत सूर थोडा थोडा नाहीसा होत गेला. २००२ पासून प्रसिद्ध झालेल्या या मालिकेतील पहिली रचना तासाहून जास्त चालते. तिच्याकडे दुर्लक्ष करता येते, यात शंका नाही. मात्र पहिल्या आणि पन्नासाव्या मिनिटातील फरक दुर्लक्ष करणाऱ्याला कळत नाही, आणि रचना म्हणजे तो फरकच आहे.

२०१६ ते २०१९ या काळात सहा टप्प्यांत आलेल्या, एकूण साडेसहा तासांच्या एका ब्रिटिश अल्बममालेने हेच तत्त्व स्मृतिभ्रंशाच्या विषयाला लावले. जुन्या नृत्यसंगीताच्या तबकड्यांचे तुकडे टप्प्याटप्प्याने विस्कटत जातात आणि अखेरीस ओळखू येईनासे होतात. २०२० मध्ये लघुचित्रफितींच्या माध्यमातून तरुणांनी ती मालिका एका बैठकीत ऐकण्याचे आव्हान एकमेकांना दिले. ‘आव्हानात्मक संगीत’ हा समीक्षेतील शब्द त्यामुळे शब्दशः पैजेवर आला. यावर बरीच नाके मुरडली गेली आणि आजाराचा खेळ केल्याचा आक्षेपही घेतला गेला. तो आक्षेप निराधार नाही. तरीही साडेसहा तास बसलेला श्रोता, कारण काहीही असो, तीस सेकंदांत पुढे जाणाऱ्या श्रोत्यापेक्षा त्या संगीताच्या अधिक जवळ गेला, असे म्हणावेसे वाटते.

हा तीस सेकंदांचा उल्लेख सहज आलेला नाही. स्ट्रीमिंगमध्ये रचना साधारण इतकी वाजली की एक वादन मोजले जाते, मग ती दोन मिनिटांची असो वा साठ मिनिटांची. त्यामुळे लांब रचना तुकड्यांत मोडण्याचा मोह वाढला आणि पावसाच्या, पंख्याच्या आवाजांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे ढीग जमा झाले. २०२३ च्या अखेरीस एका मोठ्या सेवेने त्यावर उपाय जाहीर केला: पांढरा गोंगाट (एकसारखी सलग खरखर), निसर्गाचे आवाज, यंत्रांचे आवाज आणि शांततेची मुद्रणे यांचा वेगळा वर्ग मानून त्यांना किमान दोन मिनिटांची अट घालायची आणि संगीताहून कमी मोबदला द्यायचा. गैरवापर रोखण्यासाठी हे समजण्यासारखे आहे. मात्र १९४८ सालची ती आगगाडीची रचना सुमारे तीन मिनिटांची, सगळी यंत्रांच्या आवाजांची आहे. वेळेची अट ती पार करते. वर्ग कोणता, हे कुणीतरी ती ऐकूनच ठरवावे लागेल.