जुनी कॉम्प्युटर मासिकं फ्रेम करायला आणताय? आधी एवढं वाचा

हल्ली आमच्या सांगलीच्या दुकानात देवांच्या आणि लग्नाच्या फोटोंबरोबर जुनी कॉम्प्युटर मासिकं पण फ्रेमिंगला यायला लागलीत. १९८२ ला निघालेलं डेटाक्वेस्ट, १९८७ चं पीसीक्वेस्ट, नंतरचं चिप आणि डिजिट, क्वचित कुणाच्या तरी काकांनी अमेरिकेहून आणलेलं बाइट. सगळे तेच तेच विचारतात म्हणून हा कागद छापून घेतला.

पहिलं म्हणजे आम्ही अंक चिकटवत नाही, कितीही आग्रह केलात तरी नाही, आणि लॅमिनेशनचं तर नावच काढू नका. उद्या अंक बाहेर काढून वाचावासा वाटला तर तो जसाच्या तसा निघाला पाहिजे. आम्ही चार कोपऱ्यांना पारदर्शक खिसे लावतो आणि खाली पट्टीचा आधार देतो, कारण बाइटचा १९८० च्या दशकातला चार-पाचशे पानी अंक नुसत्या कोपऱ्यांवर महिनाभर पण टिकत नाही, खाली बसतो. काच आणि कव्हरमध्ये माउंटबोर्डाची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, फट ठेवतो ती शोभेसाठी नाही हो, पावसाळ्यात दमट हवेनं गुळगुळीत कव्हर काचेला चिकटतं आणि मग सोडवताना शाई काचेवरच राहते.

हे चिकटणं काय असतं ते २०१९ च्या पुरात बघितलं. एक गिऱ्हाईक भिजलेला डिजिटचा गठ्ठा पंख्याखाली वाळवून घेऊन आले, हातात घेतला तर अक्षरशः वीट. असल्या चकचकीत कागदावर चिनी मातीचा थर असतो आणि तो धरून ठेवणारा चिकट पदार्थ पाण्यानं मऊ होतो, मग पानं दाबून सुकली की एकजीव, सुरी घातली तरी थरच निघतो. आमच्याच्यानं काही झालं नाही. भिजलाच अंक तर वाळवू नका, ओला असतानाच पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, तेही शक्यतो दोन दिवसांच्या आत, आणि मग आम्हाला फोन करा.

भिंत निवडताना पश्चिमेची खिडकी टाळा. उन्हानं लाल-पिवळा आधी उडतो, निळा मागे राहतो, सलूनमधले जुने पोस्टर आठवा. बाइटचा ऑगस्ट १९८१ चा स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेवरचा विशेषांक, रॉबर्ट टिनीनं काढलेला तो रंगीत बलून, असलं कव्हर निळं झालेलं बघवत नाही. ऊन येतंच असेल तर कलर झेरॉक्स फ्रेम करा आणि ओरिजिनल कपाटात ठेवा, आमचं बिल कमी होतं पण खरं ते सांगतो.

कपाटात आडवे ठेवा, गठ्ठा फार उंच नको. डांबराच्या गोळ्या टाकू नका, वास कागदात बसतो तो जात नाही. सीडी पानाला चिकटवलेली असेल तर गोंद पिवळा पडून पानावर उतरतो, म्हणून ती सोडवून कागदी पाकिटात घाला पण त्याच अंकासोबत ठेवा, सीडी नसलेला अंक पुढं विकायला गेलात तर भाव पडतो. पिना गंजल्या असतील तर स्वतः उचकटू नका, आम्ही काढून दोऱ्यानं शिवून देतो.

आणताना गुंडाळी करू नका, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट आणा. रबरबँड नको, सुतळी तर अजिबात नको, कडेला कायमची खाच पडते.