लागावूलिन आणि लाफ्रॉइग: शेजारी शेजारी, तरी धूर वेगळा

दोन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या, दोन्ही सिंगल माल्ट व्हिस्की (म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीची), दोन्ही ल वरून, दोन्ही उघडल्या की खोलीभर धूर. त्यामुळे ज्याने दोन्ही कुठेतरी पार्टीत एकेकदाच घेतल्यात त्याला सहा महिन्यांनी विचारा की नक्की कुठली आवडली होती, तर तो "ती ल वाली" एवढंच सांगणार. दुबईहून येणाऱ्या मावसभावाला ड्युटी फ्रीतून लागावूलिन सांगायची आणि त्याने लाफ्रॉइग आणायची, हे इतक्या घरांत झालंय की त्यावर आता कोणी वाद पण घालत नाही. उच्चाराचं आधीच उरकून टाकतो: ला-फ्रॉइग, आणि लागा-वू-लिन, जोर वू वर. बेटाचं नाव आयला.

तर फरक काय. बरेच जण सांगतात की लाफ्रॉइग जास्त स्मोकी आणि लागावूलिन कमी. हे मला पटत नाही, म्हणजे अगदी चूक नाही पण त्याने काहीच कळत नाही. धूर दोन्हीत भरपूर आहे, तो कसला आहे आणि त्याच्यासोबत ग्लासात अजून काय आहे ते बघायला हवं.

आधी धूर येतो कुठून ते सांगतो. बार्ली भिजवून मोड आणायचे आणि मग ती वाळवायची, हेच माल्ट, त्या वाळवण्याच्या वेळी खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं शेवाळ, गवत, हेदरची झुडपं, ते कापून वाळवलं की जळण होतं. त्या धुरातले फिनॉल, म्हणजे धुरकट वास देणारी रसायनं, बार्लीच्या टरफलाला चिकटतात आणि शेवटपर्यंत सोबत येतात. हे मोजायचं एकक पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. लागावूलिनच्या माल्टचा आकडा साधारण ३५ सांगतात, लाफ्रॉइगचा ४० ते ४५. आता हे आकडे बाटलीतल्या व्हिस्कीचे नसतात, माल्टचे असतात, दारू होईपर्यंत त्यातले बरेचसे फिनॉल मागेच राहतात, त्यामुळे ३५ आणि ४५ वरून भांडणाऱ्याला सरळ सोडून द्यावं. त्याच बेटावर ब्रुइकलाडी वाले ऑक्टोमोर बनवतात, तिचा आकडा बहुतेक वेळा शंभरच्या वर असतो आणि तरी कित्येक लोकांना पहिल्या घोटाला लाफ्रॉइगच जास्त उग्र वाटते.

बरं माल्ट तरी वेगळं आहे का, तर तेही फारसं नाही. पोर्ट एलन गावात मोठं माल्टिंग आहे, लागावूलिनचं माल्ट तिथून येतं आणि लाफ्रॉइगचं पण बरंचसं वर्षानुवर्षं तिथूनच येत आलंय. एकाच गिरणीचं पीठ आणि दोन घरच्या भाकऱ्या, तसला प्रकार. लाफ्रॉइग मात्र काही हिस्सा अजून स्वतः करते, जुन्या पद्धतीने, दगडी फरशीवर बार्ली पसरून, माणसं फावड्याने उलटीपालटी करतात आणि मग स्वतःच्या पीटवर आधी मंद आचेचा धूर देतात आणि नंतर गरम हवेने वाळवतात. धूर आधी, वाळवणं नंतर, कारण ओला दाणा धूर जास्त धरतो.

खरा फरक पडतो तो स्टिलमध्ये, म्हणजे दारू उकळून तिची वाफ काढायच्या (त्यालाच डिस्टिलेशन म्हणतात) तांब्याच्या भांड्यात, आणि इथे जरा नीट लक्ष द्या कारण हे कळलं की ग्लासातलं बरंच कळतं. दुसऱ्या डिस्टिलेशनला जे बाहेर येतं ते सगळं घेत नाहीत. सुरुवातीचं तिखट, भडक ते फोरशॉट्स, ते बाजूला. मधलं चांगलं ते ठेवायचं. शेवटचं जड, तेलकट ते फेंट्स, तेही बाजूला, आणि हे दोन्ही पुढच्या घाण्यात परत. फळांचा, गोडसर वास देणारी एस्टर्स लवकर येतात आणि धुराचे, औषधी वासाचे फिनॉल उशिरा. लाफ्रॉइगमध्ये पहिली जवळपास ४५ मिनिटं जे येतं ते फोरशॉट्स म्हणून सोडून देतात, इतकं लांब कुणी सहसा ठेवत नाही. म्हणजे गोड, फळाळ भाग बराचसा गेला आणि जे ठेवलं त्यात औषधी बाजू वरचढ. लागावूलिनमध्ये भर आहे तो सावकाशपणावर, तिथलं दुसरं डिस्टिलेशन नऊ तासांच्या वर चालतं असं ते स्वतःच सांगत आलेत, वाफ तांब्याला जास्त वेळ घासून जाते, गंधकाचे उग्र वास तांबं धरून ठेवतं आणि जे उतरतं ते गोलाईचं, भरलेलं. आणि एवढं सगळं एकाच किनाऱ्यावर, चालत अर्ध्या तासाच्या आत.

आता ग्लास. लाफ्रॉइग १० (नावातला आकडा पिंपात मुरलेल्या वर्षांचा) ओता, ३० मिली पुरे, आणि नाक एकदम आत खुपसू नका. पहिला वास आयोडीनचा. जुन्या दवाखान्यात शिरल्यावर येतो ना, टिंक्चर, बँडेज, डेटॉलसारखं काहीतरी, तो. त्यामागे समुद्र, म्हणजे ताजी हवा वगैरे नाही, ओहोटीनंतर खडकावर वाळत पडलेलं शेवाळ. लोकांना वाटतं की समुद्राकाठी पिंपं ठेवली म्हणून आयोडीन आलं, पण तो वास मुख्यतः क्रेसॉल या फिनॉलच्या भावंडांचा आहे, पीटमधून आलेला. दहा मिनिटं ठेवलीत तर खालून व्हॅनिला वर येतो, कारण ती बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत मुरलेली असते. तोंडात आधी किंचित गोड, मग मीठ, मग राख, आणि शेवट कोरडा, जिभेवर राखच उरते. पहिल्यांदा पिणारे दहातले सात जण तोंड वाकडं करतात, उरलेले तीन आयुष्यभराचे गिऱ्हाईक होतात. (अमेरिकेत दारूबंदी असताना लाफ्रॉइगचा मालक इयन हंटर याने ती औषध म्हणून तिकडे धाडली अशी गोष्ट सांगतात, आणि वास घेतल्यावर कस्टमवाल्यांनी विश्वास ठेवला असेल यात मला तरी काही नवल वाटत नाही.)

लागावूलिन १६ चं उलट. धूर लगेच येतो पण तो दवाखान्याचा नाही, लाकडाचा आहे, शेकोटी विझत आलेली असताना कपड्यांना लागतो तो. त्यात काळ्या चहाची छटा, धुरावलेला लॅपसाँग चहा कोणी प्यायला असेल तर हुबेहूब. मग मनुका, खजूर, संत्र्याची साल, थोडं डांबर. आयोडीन आहे, नाही असं नाही, पण मागच्या रांगेत. तोंडात जाड लागते, तेलकट, आणि शेवट इतका लांब की पुढचा घोट घ्यायची घाई होत नाही. माझं मत विचाराल तर संध्याकाळी एकच पेग घ्यायचा असेल तर लागावूलिन, पण झोपेतून उठवून डोळे बांधून ओळखायला सांगितलं तर लाफ्रॉइग, ती चुकणं शक्यच नाही.

अजून खात्री करायची असेल तर रिकामे ग्लास धुवू नका, तसेच ठेवा आणि सकाळी वास घ्या. लाफ्रॉइगच्या ग्लासात थंड राख असते, लागावूलिनच्यात गोडसर धूर आणि थोडं लाकूड. बायको काय म्हणेल ते तुमचं तुम्ही बघा.

पाण्याचं पण सांगतो कारण यावर लोक उगाच हमरीतुमरीवर येतात. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी, कार्लसन आणि फ्रीडमन, कॉम्प्युटरवर गणित मांडून दाखवलं की पाणी घातलं की ग्वायाकॉल हा धुराच्या चवीचा रेणू ग्लासात वरच्या थराकडे सरकतो. तेव्हा चमच्याने चार थेंब घालून बघायला हरकत नाही, शुद्धतावादी मित्राने डोळे वटारले तरी. लाफ्रॉइगमध्ये पाणी घातलं की व्हॅनिला मोकळा होतो आणि औषध जरा मागे जातं. लागावूलिन १६ मुळात ४३ टक्के अल्कोहोलची, तिला जास्त पाणी घातलं की ती पातळ पडते, म्हणून थेंब म्हणजे थेंबच. लाफ्रॉइग १० कुठे ४० ला मिळते कुठे ४३ ला, लेबल बघून ठरवा.

रंगावरून मात्र काही ठरवू नका. लागावूलिन गडद दिसते म्हणून जास्त मुरलेली असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा की दोन्हीत कॅरमलचा रंग असतो, जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर तसं छापलेलं असतं.

आता एक महत्त्वाचं, जे तुलना करणारे हमखास विसरतात. आपण १० वर्षांची लाफ्रॉइग आणि १६ वर्षांची लागावूलिन समोरासमोर ठेवतो. सहा वर्षं जास्त पिंपात म्हणजे धूर मवाळ होतो, लाकूड बोलायला लागतं. म्हणजे ज्याला आपण दोन डिस्टिलऱ्यांमधला फरक म्हणतो त्यातला बराचसा निव्वळ वयाचा. हे तपासायचं असेल तर लागावूलिन ८ घ्या, २०१६ मध्ये दोनशे वर्षांच्या निमित्ताने आली आणि मग कायमची राहिली, ४८ टक्के. ती फिकट, लिंबाळ, धारदार आहे, मनुका-खजूर गायब. ही आणि लाफ्रॉइग १० शेजारी ठेवल्या तर अंतर एकदम कमी होतं आणि तरीही औषधाचा वास लाफ्रॉइगकडेच राहतो, तो म्हणजे खरा डिस्टिलरीचा फरक. लाफ्रॉइगची क्वार्टर कास्क पण ४८ चीच, लहान पिंपांमुळे लाकडाचा गोडवा जास्त, नारळासारखा, ज्यांना १० झेपत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी.

आणि हा फरक नक्कल करून मिळत नाही हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय, तेही चक्क भांडणातून. लाफ्रॉइग १८१५ ची, लागावूलिन १८१६ ची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागावूलिन पीटर मॅकीकडे होती, व्हाइट हॉर्स या ब्लेंडवाला (ब्लेंड म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांचा माल मिसळून केलेली व्हिस्की) मॅकी, आणि लाफ्रॉइगचा माल विकायची एजन्सी पण त्याच्याच कंपनीकडे. १९०७ मध्ये लाफ्रॉइगवाल्यांनी एजन्सी काढून घेतली. मॅकी कोर्टात हरला, मग पठ्ठ्याने काय करावं, माणसं पाठवून लाफ्रॉइगचं पाणी दगड टाकून अडवलं. कोर्टाने ते परत सोडायला लावलं. आपल्याकडे बांधावरून भाऊ-भाऊ जे करतात ते सगळं झालं. तरी राग जाईना म्हणून १९०८ मध्ये लागावूलिनच्याच आवारात त्याने माल्ट मिल नावाची छोटी डिस्टिलरी काढली, उद्देश एकच, लाफ्रॉइगसारखी व्हिस्की बनवायची. तिथल्यासारखे स्टिल, लाफ्रॉइगचा माणूसही फोडून आणला असं सांगतात. व्हिस्की झाली, ठीकठाक झाली असणार कारण १९६२ पर्यंत ती चालली आणि तिचा माल ब्लेंडमध्ये जात राहिला, पण लाफ्रॉइग काही झाली नाही. ती इमारत आता लागावूलिनला येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागताला वापरतात.

इकडे गोव्यात, कुंकळ्ळीला, पॉल जॉन ही डिस्टिलरी आहे, त्यांची बोल्ड ही व्हिस्की आयलाहून आणलेल्या पीटवर बनते, ४६ टक्के. तिला "आपली लाफ्रॉइग" म्हणणारे भेटतात. चांगली आहे, पण तशी नाही: बार्ली भारतातली, कणसात दाण्यांच्या सहा रांगा असलेली, आणि गोव्याच्या उकाड्यात पिंपातून दरवर्षी स्कॉटलंडच्या कितीतरी पट माल उडून जातो, लाकूड झपाट्याने चढतं. धुराखाली गूळ आणि मसाला लागतो. ती तिच्या जागी प्या, आयला शोधू नका.

चाखताना क्रम आधी लागावूलिन १६, मग लाफ्रॉइग. उलट केलंत तर आयोडीन जिभेवर बसतं आणि मनुका सापडतच नाहीत, मग म्हणाल सोळा वर्षांचे पैसे वाया गेले, आणि लागावूलिन जवळपास सगळीकडे महागच आहे. चखण्याला मसाला शेंगदाणे, शेव असलं काही नको, खारे काजू चालतील. सोडा घालायचाच असेल तर लाफ्रॉइगमध्ये घाला, बर्फ-सोड्यात तिचा धूर टिकतो आणि मे महिन्यात मस्त लागते, लागावूलिन १६ मध्ये सोडा घालणाऱ्याला मी पुढच्या वेळी बोलावत नाही. आणि बाटली अर्ध्याच्या खाली गेली की वर्षभर कपाटात ठेवून देऊ नका, हवेने धूर उतरत जातो, लाफ्रॉइगचा तर चांगलाच जाणवतो. छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, नाहीतर चार माणसं बोलवा आणि संपवा.