जहाजावरील फिरती शाळा

जहाजावरील फिरती शाळा : शिडाच्या जहाजावर भरणारी, साधारण १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची निवासी माध्यमिक शाळा. नेहमीचा अभ्यासक्रम, जहाज चालवण्याचे काम आणि वाटेतल्या देशांत लोकांबरोबर राहणे अशा तीन गोष्टी तिथे एकत्र चालतात. सहा महिने ते एक वर्ष एवढा तिचा काळ असतो. मुले प्रवासी म्हणून नव्हे, तर खलाशी म्हणून जहाजावर चढतात. सागरी सहल आणि ही शाळा यांतला खरा फरक हाच आहे.

या कल्पनेमागे कुर्ट हान (१८८६–१९७४) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाचा विचार आहे. हान यांनी १९२० मध्ये दक्षिण जर्मनीत झालेम येथे शाळा काढली. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडॉनल्ड यांनी शब्द टाकल्यावर ते सुटले आणि ब्रिटनमध्ये गेले. १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली आणि तिथल्या मुलांना होड्या वल्हवायला, शिडे हाकायला लावले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश मालवाहू जहाजे बुडवत होत्या. तेव्हा जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स हॉल्ट यांच्या ध्यानात आले की, जीवरक्षक होड्यांत तरुण खलाशी आधी धीर सोडतात आणि वयस्कर, मुरलेले खलाशी तग धरतात. म्हणजे कमी पडत होते ते बळ नव्हे, अनुभव. हान आणि हॉल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही प्रशिक्षण शाळा उभी केली. बंदरातून बाहेर पडणाऱ्या जहाजाला खलाशी ज्या शब्दांत संबोधतात, तेच तिचे नाव झाले. पुढे १९६२ मध्ये हान यांच्याच प्रेरणेने वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज निघाले. तिथली मुले अभ्यास सांभाळून समुद्रात अडकलेल्यांच्या सुटकेचे काम करत. त्याच कुळातले एक महाविद्यालय १९९७ पासून पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातल्या पौडजवळच्या डोंगरावर आहे. ते फिरते नाही, पण देशोदेशींची मुले एकत्र राहून शिकतात हा धागा तोच.

संपूर्ण शाळाच समुद्रावर न्यायचा प्रयोग अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस झाला आणि त्याचा शेवट वाईट झाला. २ मे १९६१ रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘अल्बाट्रॉस’ हे शाळेचे जहाज अचानक आलेल्या वाऱ्याने आडवे होऊन बुडाले. चार विद्यार्थ्यांसह सहा जण गेले. या अपघातानंतर अमेरिकेत शिडाच्या शालेय जहाजांच्या स्थैर्याचे नियम कडक झाले. कॅनडात १९८४ मध्ये ‘क्लास अफ्लोट’ हा उपक्रम सुरू झाला. त्यासाठी पोलंडमध्ये बांधलेले ‘कॉन्कॉर्डिया’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज १९९२ पासून मुलांना घेऊन जगभर फिरले. १७ फेब्रुवारी २०१० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरवर तेही वाऱ्याच्या झोताने कलंडले. ४८ विद्यार्थी धरून ६४ माणसे जहाजावर होती. सगळी तराफ्यांत उतरली, सुमारे ४० तास लाटांवर राहिली आणि सगळी वाचली. कॅनडाच्या चौकशी मंडळाने २०११ मध्ये अहवाल दिला. त्या वेळचा वारा जहाजाला अजिबात पेलण्यासारखा नव्हता असे नाही, असा त्याचा सूर होता. किती वाऱ्यात किती शीड ठेवायचे याचे ज्ञान पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यापर्यंत पुरेसे पोचले नव्हते आणि दारे-खिडक्या बंद नव्हत्या. या शाळांबद्दल लिहिताना सूर्यास्त आणि डॉल्फिन यांच्याआधी हे दोन अपघात सांगायला हवेत. मुलांकडून तराफ्याची कवायत पुन्हापुन्हा करून घेतात ती उगाच नाही. कॉन्कॉर्डियावरची माणसे त्याच कवायतीने तरली.

जर्मनीत ही शाळा सगळ्यांत चांगली रुजली. श्पीकरओग बेटावरच्या हेर्मान लीट्स शाळेने १९९३ मध्ये ‘हाय सीज हायस्कूल’ काढले. २००८ मध्ये एर्लांगेन-न्यूर्नबर्ग विद्यापीठाशी जोडलेली ‘क्लासेनत्सिमर उंटर झेगेल्न’, म्हणजे ‘शिडांखालचा वर्ग’, सुरू झाली. तिचे जहाज ‘थोर हायरडाल’ १९३० मध्ये नेदरलँड्समध्ये मालवाहू म्हणून बांधले गेले. डेटलेफ झोइट्सेक यांनी ते नव्याने शिडांचे केले. झोइट्सेक हे १९७७-७८ मध्ये नॉर्वेचे संशोधक थोर हायरडाल यांच्या ‘टायग्रिस’ या बोरूच्या नौकेवर होते. इराकमधून निघालेली ती नौका सिंधूच्या मुखापर्यंत आली होती, आणि त्या मोहिमेच्या नायकाचे नाव या जहाजाला मिळाले.

दहावीच्या वयाची तिसेक मुले या जहाजावरून ऑक्टोबरात जर्मनीतल्या कील बंदरातून निघतात आणि एप्रिलमध्ये परततात. मार्ग वाऱ्याने ठरतो. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी असतात. तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरात संपतो, म्हणून अटलांटिक त्यानंतर ओलांडायचा. परतताना उत्तरेकडे बर्म्युडापर्यंत चढून पश्चिमेचे वारे पकडायचे आणि अझोर्स बेटांवरून घरी यायचे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न घालणाऱ्या कोळ्याला हे हिशेब नव्याने समजावून द्यावे लागणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात अभ्यास जवळजवळ होतच नाही, कारण बहुतेकांना बोट लागते. नंतर दिवसाला आकार येतो. एक गट वर्गात बसतो, दुसरा जहाजाच्या कामाला लागतो आणि मग अदलाबदल होते. पहाऱ्याच्या पाळ्या रात्रीही चुकत नाहीत. मध्यरात्री उठून सुकाणू धरायचे, आणखी कोणी पुढे डोळे लावून बसायचे, कोणी नोंदवहीत वाऱ्याची दिशा आणि हवेचा दाब लिहायचा. भटारखान्यात पाळी आली की चाळीस-पन्नास जणांचा स्वयंपाक करायचा, तोही हलत्या जमिनीवर. भाजी किती दिवस टिकेल आणि गोडे पाणी किती उरले, हे प्रश्न तिथे पुस्तकातले राहत नाहीत.

गणित आणि भूगोल इथे वेगळे शिकवावे लागत नाहीत, हे या शाळेचे सगळ्यांत मोठे देणे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते हे वाक्य सगळेच पाठ करतात. पण तेनेरिफपासून मार्तिनीकपर्यंत सुमारे ४५ रेखांश पश्चिमेला सरकताना सूर्याच्या हिशेबाने तीन तासांचा फरक पडतो आणि घड्याळ टप्प्याटप्प्याने मागे घ्यावे लागते, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ हातात येतो. भर दुपारी सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून अक्षांश काढणारी मुलगी त्रिकोणमिती विसरणे कठीण. प्रवासाच्या उत्तरार्धात काही दिवस जहाज मुलांच्या ताब्यात दिले जाते. कप्तान, यंत्रप्रमुख, स्वयंपाकप्रमुख ही पदे मुलेच सांभाळतात, खरा कप्तान मागे उभा राहून पाहतो.

किनाऱ्यावरचे मुक्काम हा या शाळेचा दुसरा अर्धा भाग. तेनेरिफवर ३,७१५ मीटर उंचीच्या तेइदे ज्वालामुखीची चढाई असते. पनामा आणि क्यूबामध्ये मुले स्पॅनिश बोलत स्थानिकांबरोबर राहतात. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर ‘गुना याला’ हा गुना या मूळ रहिवाशांचा स्वायत्त प्रदेश आहे. १९२५ च्या उठावानंतर तो त्यांनी मिळवला. त्यांच्या स्त्रिया कापडाचे थर कापून-शिवून ‘मोला’ तयार करतात. समुद्राची पातळी वाढत असल्याने २०२४ मध्ये तिथल्या गार्डी सुगदुब बेटावरची सुमारे ३०० कुटुंबे मुख्य भूमीवर हलवावी लागली. हवामानबदलाचा धडा अशा माणसांसमोर बसून ऐकणे आणि पुस्तकात वाचणे एकसारखे असू शकत नाही. चार दिवसांच्या मुक्कामात मात्र संस्कृती कळत नाही, पाहुणचार तेवढा कळतो. आठवडे-दोन आठवडे राहून शेतात, स्वयंपाकघरात हात लावला तरच देवाणघेवाण म्हणता येते.

जमिनीवरून फिरणाऱ्या शाळाही आहेत. २०१० मध्ये सुरू झालेली ‘थिंक ग्लोबल स्कूल’ दर सत्राला देश बदलते. अमेरिकेत माँटाना राज्यातील बोझमन येथून खास मुलींसाठी असे सत्र चालवले गेले. भारतात शिडांवरचे शिक्षण मुख्यतः नौदलाच्या प्रशिक्षणार्थींना मिळते. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली आणि १९९७ मध्ये दाखल झालेली ‘तरंगिणी’ ही तीन डोलकाठ्यांची नौका २००३-०४ मध्ये जगप्रदक्षिणा करून आली.

या शाळांवरचा रास्त आक्षेप पैशाचा आहे. शिष्यवृत्त्या असल्या तरी जहाज, खलाशी आणि शिक्षक यांचा खर्च बहुतांशी पालकांवरच पडतो आणि परवडणाऱ्यांचीच मुले जातात. मराठी वाचकाला ‘फिरती शाळा’ म्हटले की आधी आठवतात त्या साखरशाळा आणि वीटभट्टीवरच्या भोंगाशाळा. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांमागे मूल जाते आणि शाळेला त्या मुलामागे जावे लागते. तिथे प्रवास निवडलेला नसतो. तरीही दोन्हीकडे शिक्षकाला एकच काम करावे लागते : रोजच्या जगण्यातून धडा काढणे. उसाच्या फडात मोळ्या मोजणाऱ्या मुलाला गणिताची पूर्वतयारी जहाजावरच्या मुलाइतकीच असते. त्याला मिळत नाही ती उसंत आणि पोटभर अन्न.

२०२० मध्ये नेदरलँड्सची १४ ते १७ वर्षांची वीस-पंचवीस मुले ‘वाइल्ड स्वान’ या शिडाच्या जहाजावर कॅरिबियनमध्ये होती. क्यूबाहून विमानाने घरी जायचे ठरले होते. कोरोनामुळे ते दार बंद झाले. सेंट लुसियात अन्न आणि गरम कपडे भरून घेतले आणि तीन शिक्षक व बारा खलाशांबरोबर मुलांनी अटलांटिक ओलांडला. वाटेत तास चालूच होते. पाच आठवडे आणि जवळजवळ ७,००० किलोमीटरनंतर २६ एप्रिलला ती हार्लिंगेन बंदरात उतरली. अंतर पाळायचे म्हणून आईबापांच्या गाड्या एकेक करून जहाजाशी आल्या.