काचेत आतून वाफ धरली तर टॉर्च उघडू नका
(टॉर्च घेणं, बदलणं आणि परत विकणं याविषयी आमच्या ग्राहकांसाठी)

पावसाळा लागला की आमच्या म्हापशाच्या दुकानात एक प्रश्न आणि एक तक्रार सारखी येते. प्रश्न असा: "लोक इतके पैसे मोजून टॉर्च घेतात आणि चार महिन्यांनी तोच विकायला आणतात, म्हणजे मालात काहीतरी खोट असणार ना?" तक्रार अशी: "मी फक्त काच उघडून पुसली, तर तुम्ही किंमत एवढी का कापता?" दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच लिहितो.

परत आलेला टॉर्च बहुतेक वेळा ठणठणीत असतो. आणणाऱ्याची गरज वेगळी निघालेली असते आणि ती टॉर्च वापरल्याशिवाय कळत नाही. खोक्यावर ल्युमेन (एकूण उजेड) आणि मीटर (झोत किती लांब जातो) छापलेले असतात. मीटरचा हिशेब कँडेलावरून, म्हणजे झोताच्या तीव्रतेवरून निघतो: १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४०० मीटर. म्हणजे अंतर दुप्पट व्हायला झोताची तीव्रता चौपट लागते. शिवाय त्या शेवटच्या मीटरवर पोचणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच धरलेला असतो. ल्युमेनचा आकडा टॉर्च पेटवल्यानंतर अर्ध्या ते दोन मिनिटांत मोजतात. त्यानंतर टॉर्च तापतो आणि स्वतःहून उजेड कमी करतो. यात कोणी फसवत नाही, मोजण्याची पद्धतच तशी ठरलेली आहे. पण ती ठाऊक नसली की "तीन हजार ल्युमेन कुठे गेले" म्हणून माणूस नाराज होतो.

झोताचा आकार तर कोणत्याच आकड्यात येत नाही. खाजनाच्या (खाडीकाठच्या शेताच्या) बांधावरून लांबची मानस (पाणी अडवणारं दार) बघणाऱ्याला अरुंद आणि दूर जाणारा झोत हवा. रात्री कुळागरात (पोफळीच्या बागेत) पाणी सोडायला जाणाऱ्याला पायाखाली पसरणारा उजेड हवा. लांब झोताचा टॉर्च पावसात चोर्ला घाटात नेला तर धुक्यावर उजेड आपटून समोर पांढरी भिंत उभी राहते आणि रस्ता दिसेनासा होतो. हौसेने लांब झोताचा टॉर्च घेतलेले कितीतरी ग्राहक पहिल्या पावसानंतर पसरट झोताचा मागतात. असा बदल करून घेण्यात काही गैर नाही, उलट आम्ही तो सुचवतो.

रंगाचा विषय याहून खोल आहे आणि खरा शौकीन इथेच गुंततो. स्वस्त टॉर्चचा उजेड साधारण ६५०० केल्विनचा, निळसर पांढरा असतो (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तसा उजेड पिवळसर). त्यात माती, पाचोळा, झाडाची साल सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. निचिया कंपनीच्या ५१९ए सारखी एलईडी ४००० किंवा ४५०० केल्विनची घेतली, जिचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर असतो, तर पाचोळ्यावर बसलेलं फुरसं पाचोळ्यापासून वेगळं दिसतं. रात्री पायवाटेने चालणाऱ्याला हा फरक उपयोगाचा आहे. तरीही एकाला किंचित गुलाबी छटा आवडते, तर दुसऱ्याला तीच डोळ्यांना खुपते. फोटोवरून हे ठरवता येत नाही, कारण कॅमेरा पांढरा रंग आपल्या हिशेबाने बदलून टाकतो. म्हणून शौकीन माणूस टॉर्च घेतो, आपल्या अंगणात महिनाभर वापरतो, पटला नाही तर विकतो आणि दुसरा घेतो. विकताना जी थोडी घट येते, ती त्याच्या लेखी शिकण्याची फी असते.

बटणांचंही तसंच आहे. आंडुरिल प्रणालीचा (एकाच बटणाच्या वेगवेगळ्या दाबांनी अनेक कामं करणारा) टॉर्च काहींना इतका आवडतो की ते दुसरं काही हातात धरत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र एका दाबात पेटणारा आणि एका दाबात विझणारा टॉर्चच द्यावा.

कोणता टॉर्च किंमत टिकवतो, हेही नेहमी विचारतात. ज्याची ओळख केवळ मोठ्या ल्युमेनची, तो लवकर उतरतो, कारण पुढच्या वर्षी त्याहून मोठा आकडा बाजारात येतो. एके काळी नावाजलेला शुअरफायर कंपनीचा ६पी टॉर्च बल्बवर ६५ ल्युमेन द्यायचा. आज एका १८६५० सेलवर (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम-आयन सेल) चालणारा साधा टॉर्च हजाराच्या वर देतो. तरी जुन्या ६पीच्या नळ्यांना मागणी आहे, कारण त्यांत नवा एलईडी संच बसवता येतो. अमेरिकेतल्या एचडीएससारख्या छोट्या कारखान्यांचे टॉर्च, टायटॅनियमचे, तांब्याचे, मोजक्या संख्येत निघालेले हेही बरे टिकतात. तांब्याचा टॉर्च आपल्या खाऱ्या हवेत काळपट होतो. ते डाग घासून काढू नका, कित्येकांना तेच हवे असतात. टायटॅनियमला खारी हवा लागत नाही, पण ते उष्णता नीट बाहेर टाकत नाही, म्हणून त्या टॉर्चमध्ये मोठा उजेड फार वेळ टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

असा एक टॉर्च दोन-चार हातांतून फिरतो. शेवटी जो घेतो तो एकाच भरवशावर घेतो, की पुढचं डोकं कारखान्यातून आलं तसंच आहे. आता तक्रारीकडे येतो.

टॉर्च मोठ्या उजेडावर चालवला की तापतो, आतल्या हवेत दमटपणा असतोच, वरून पावसाची गार सर पडली की काचेला आतून वाफ धरते. (एसी गाडीतून बाहेर काढल्यावर धरते ती बाहेरून. ती कापडाने पुसली की झालं.) आतली वाफ दिसली की लोक पकडीने पुढची रिंग फिरवतात, काच काढतात आणि मग हात लागलाच आहे म्हणून रिफ्लेक्टरही (झोत घडवणारी आतली चकचकीत वाटी) पुसतात. एवढ्या एका पुसण्यात तो रिफ्लेक्टर गेला. त्यावरचा चकचकीत थर निर्वात भांड्यात चढवलेल्या ॲल्युमिनियमचा असतो, जाडीला एक मायक्रॉनहूनही कमी. मऊ सुती कापड असो वा चष्म्याचं, त्यावर ओरखडे उठतात आणि ते कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. रिफ्लेक्टरवर धूळ असेल तर फक्त रबरी फुग्याने हवा मारायची. बोट, कापड, कापूस, काहीही टेकवायचं नाही.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. एलईडीला मध्यात धरणारी छोटी चकती सरकली की झोताच्या मधोमध काळं भोक पडतं. ती चकती नीट बसली नाही तर धातूचा रिफ्लेक्टर एलईडीच्या डागकामाला (सोल्डरिंगला) टेकून शॉर्ट होऊ शकतो. एलईडीवरचा मऊ घुमट बोटाने निखळतो. पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग चिमटली की पुढच्या पावसात वाफेऐवजी पाणीच आत जातं. असा टॉर्च आमच्याकडे आला की तो पूर्ण खोलून तपासावा लागतो, सुटा भाग बाहेरून मागवावा लागतो, तो येईपर्यंत टॉर्च टेबलावर पडून राहतो आणि रांगेतल्या बाकीच्यांची कामं मागे पडतात. किंमत कापतो ती यासाठी. न उघडलेल्या टॉर्चला आम्ही वापरलेल्या टॉर्चचा पूर्ण भाव देतो आणि पुढच्या ग्राहकाला "डोकं उघडलेलं नाही" असं बिलावर लिहून देतो. ते लिहून देता यावं म्हणून पुढच्या रिंगच्या खुणा भिंगातून बघतो. कृपया तो अविश्वास समजू नका.

वाफ धरली तर करायचं इतकंच: मागचं झाकण काढा, सेल बाहेर घ्या, टॉर्च आणि सिलिका जेलची पुडी एका घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. निळे मणी गुलाबी झाले तर पुडी बदला. पुड्या आमच्याकडे मिळतात, टॉर्च आमच्याकडून घेतला असेल तर पहिली पुडी फुकट. तांदळात ठेवू नका, त्याचं पीठ झाकणाच्या आट्यांत बसतं. काच वर करून उन्हातही ठेवू नका: रिफ्लेक्टर उन्हाची किरणं एलईडीवरच गोळा करतो आणि ती जळते. आत वाफेऐवजी थेंब दिसत असतील तर पाणी शिरलं आहे. सेल काढा, पेटवून बघू नका, तसाच घेऊन या. आट्यांना आणि ओ-रिंगला खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका. खोबरेल चिकटून माती धरतं आणि जेलीने काही जातींचं रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका पुरतो.

कुणी मुद्दाम एलईडी बदलली असेल किंवा तिचा घुमट कापला असेल, तर तो टॉर्चही आम्ही घेतो. असे टॉर्च हौसेने शोधणारे ग्राहक आहेत. फक्त काय केलंय ते आधी सांगा.

वापरलेले सेल आम्ही विकत घेत नाही, कितीही चांगल्या कंपनीचे असोत. लिथियम-आयनचा सेल कसा वापरला गेला हे बाहेरून दिसत नाही आणि दुसऱ्याच्या हाती तो देण्याची जबाबदारी आम्हाला घ्यायची नाही. वेष्टन फाटलेला सेल तर चार्जरलाही लावू नका. टॉर्च महिनाभर वापरायचा नसेल तर सेल ३.७ व्होल्टच्या आसपास ठेवून वेगळा काढा, नाहीतर बाजूच्या बटणाचे काही टॉर्च बंद असतानाही त्यातली वीज हळूहळू पितात. मोपा किंवा दाबोळीहून विमानाने जाताना सुटे सेल हातातल्या बॅगेत घ्यायचे, चेक-इनच्या नव्हे. कुरिअरने आम्ही टॉर्च सेलशिवायच पाठवतो. सुटे लिथियम-आयन सेल प्रवासी विमानात माल म्हणून नेण्यास मनाई आहे.

अजून दोन गोष्टी मनापासून. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात आणि पांढऱ्या उजेडाने पिल्लांची वाट चुकते. कासवांच्या हंगामात रात्री तिथे पांढरा टॉर्च लावू नका. आणि पहिल्या पावसात बेडूक धरायला टॉर्च हवा असेल तर आमच्याकडे येऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या बेडकांना संरक्षण आहे आणि त्यासाठी आम्ही काही विकणार नाही.

बदलायला किंवा विकायला येताना सूर्य मावळल्यावर या. दुकानामागच्या वाफ्याच्या बांधावर तुमचा जुना आणि तुम्हाला हवा असलेला असे दोन्ही टॉर्च शेजारी शेजारी पेटवून बघता येतात, घेण्याची सक्ती नाही. बिल आणि खोकं असेल तर आणा. नसलं तरी टॉर्च घेऊ, भाव थोडा कमी बसेल. रोख रकमेपेक्षा अदलाबदलीत भाव थोडा जास्त देतो. सेल वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत आणा, खिशात किल्ल्यांबरोबर नको.