रेझिनच्या वस्तूवर धातूचा थर: पार्श्वभूमी

आकार घडवायला सोपा पदार्थ आत आणि देखणा, टिकाऊ धातू बाहेर, ही रचना गोव्याला नवी नाही. देवळांतील लाकडी पालख्यांवर आणि गर्भकुडीच्या चौकटींवर ठोकून बसवलेला चांदीचा नक्षीदार पत्रा किंवा जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या लाकडी वेदीवरचा सोन्याचा वर्ख पाहिला, की ती लगेच लक्षात येते. थ्रीडी प्रिंटरवर तयार केलेल्या रेझिनच्या (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकच्या) वस्तूला तांब्या-निकेलचा थर देण्यामागे हाच हेतू असतो. मात्र येथे पत्रा ठोकता येत नाही, आणि कल्हईप्रमाणे वस्तू विस्तवावर तापवण्याचा तर प्रश्नच नाही. धातू द्रावणातून, विजेच्या साहाय्याने, बसवावा लागतो आणि त्यासाठी पृष्ठभाग वीजवाहक असावा लागतो. रेझिन वीजवाहक नसते. या कामाचा पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

व्होल्टा यांचा विद्युतघट १८०० साली आला आणि १८०५ साली इटलीतील पाविया येथील लुइजी ब्रुन्यातेल्ली यांनी त्याच्या आधारे चांदीच्या पदकांवर सोने चढवले. पदके मुळातच धातूची असल्याने त्यांना वाहकतेची चिंता नव्हती. सेंट पीटर्सबर्ग येथे मोरित्स याकोबी यांनी १८३८ साली वस्तूची हुबेहूब तांब्याची प्रत काढण्याची पद्धत जाहीर केली, आणि त्यानंतर थोड्याच काळात मेण, प्लास्टर यांसारख्या अवाहक साच्यांना वीजवाहक ग्राफाइटची बारीक पूड चोळून ते तांब्याच्या द्रावणाच्या टाकीत सोडण्याची युक्ती रूढ झाली. छापखान्यांनी ती उचलली आणि छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या जुळणीवरून तांब्याचे ठसे काढण्यासाठी पुढे कित्येक दशके वापरली. हौशी लोकांनी झाडांची पाने आणि किडेही तांब्याने मढवले. माझ्या मते आजच्या रेझिन-प्लेटिंगचे खरे मूळ येथे आहे, मोटारीच्या पुढच्या भागातील, धातूचा थर दिलेल्या चकचकीत प्लास्टिक जाळीत नाही.

त्या जाळीची वाट वेगळी होती. विजेशिवाय, केवळ रासायनिक अभिक्रियेने निकेल बसवण्याची पद्धत अॅबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल यांनी १९४६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत विकसित केली. १९६०च्या दशकात ती एबीएस या कठीण प्लास्टिकशी जोडली गेली आणि अशा जाळ्या बनू लागल्या. एबीएसमध्ये ब्युटाडाइन रबराचे सूक्ष्म गोळे विखुरलेले असतात. क्रोमिक आणि गंधकाम्लाच्या मिश्रणात ते विरघळतात, पृष्ठभागावर असंख्य खळगे राहतात, त्यांत पॅलेडियमचे कण बसतात आणि त्यांच्या आधाराने निकेल वा तांब्याचा पहिला पापुद्रा पक्का धरतो.

रेझिनच्या छपाईची सुरुवात याहून बरीच अलीकडची आहे. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवातून थरावर थर रचण्याचे काम नागोयाचे हिदेओ कोदामा यांनी १९८१ साली प्रसिद्ध केले. चार्ल्स हल यांनी १९८४ साली केलेल्या अर्जावर त्यांना १९८६ साली पेटंट मिळाले. अशा वस्तू दिसायला रेखीव, पण ठिसूळ होत्या आणि उन्हात आणखी ठिसूळ होत, म्हणून धातूच्या कवचाचा विचार पुढे आला. येथे एबीएसची पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. रेझिन एकजिनसी आणि आडव्या-उभ्या बंधांनी जखडलेले असते. आम्लाने निवडून खावे असे रबर त्यात नसते. त्यामुळे लहान कारखान्यांत बहुधा ग्राफाइट, चांदी किंवा तांब्याची पूड असलेला वाहक रंगच वापरला जातो. १८४०च्या साच्यांवरची युक्ती डब्यातून आणि ब्रशने परत आली आहे, एवढेच.

काम बिघडते ते बहुधा टाकीत नव्हे, त्याआधी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतल्यावरही खाचांत ओले रेझिन उरले, किंवा अतिनील प्रकाशाखाली वस्तू पुरेशी पक्की केली नाही, तर वरचा रंग आणि त्यासोबत तांबे सालासारखे सुटते. पॉलिश पेपरने थरांच्या रेषा घासल्या नाहीत, तर निकेलची चकाकी त्या आणखी ठळक करते. मोरचूद आणि गंधकाम्लाच्या टाकीत चौरस डेसिमीटरला १ अँपिअर प्रवाह दिला, तर तासाला सुमारे १३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तांबे बसते. म्हणजे ५० मायक्रॉनच्या थराला जवळजवळ ४ तास लागतात. घाईने सुरुवातीलाच प्रवाह वाढवला, तर तार जोडलेल्या जागी वाहक रंग जळतो. शिवाय कोपऱ्यांवर तांबे जाड आणि खोल नक्षीत पातळ बसते. वस्तूला बळकटी येते ती या तांब्यामुळे. वरचे निकेल मुख्यतः रूप आणि गंजरोध यांसाठी असते.

गोव्याच्या किनारी हवेत गंजरोध हा चैनीचा भाग राहत नाही. निकेलच्या थरात सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले, तरी खारट दमट हवेत त्यातून तांब्याचा हिरवट डाग वर येतो. ऊन आणि सावलीचाही परिणाम होतो, कारण रेझिन तापल्यावर तांब्याच्या कितीतरी पट जास्त प्रसरण पावते आणि पातळ थराला कडांपाशी तडा जाऊ शकतो. वेर्णे किंवा कुंडई येथील औद्योगिक वसाहतीत असे काम सुरू करायचे, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि सांडपाण्यातील तांबे-निकेल अलग करण्याची सोय आधी लागते. क्रोमिक आम्लाची गरज नसणे हा रेझिनच्या वाटेचा त्या बाबतीत मोठा फायदा आहे, कारण त्या आम्लातील सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. तरीही वापरलेले मोरचुदाचे पाणी गटारात सोडता येत नाही.