भाड्याचा डॅशबोर्ड: एम्बेडेड अ‍ॅनालिटिक्सच्या परवान्यांची पार्श्वभूमी

हिशेबाचं, हॉस्पिटलचं किंवा गोदामाचं सॉफ्टवेअर विकायला गेलं की ग्राहक विचारतोच, "रिपोर्ट कुठे आहेत?" ते स्वतः लिहीत बसायचं तर मूळ काम मागे पडतं. म्हणून दुसऱ्या कंपनीचं रिपोर्ट बनवणारं तयार इंजिन आपल्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसवायचं, त्यावर आपला लोगो लावायचा आणि एकत्र विकायचं, अशी रीत पडली. असे आत बसवलेले रिपोर्ट म्हणजे एम्बेडेड अ‍ॅनालिटिक्स, आणि ते आपल्या नावाने विकायची परवानगी म्हणजे धंद्याच्या भाषेत ओईएम परवाना. तीस वर्षांत तंत्र पार बदललं, पण घासाघीस अजून त्याच मुद्द्यावर होते: पैसे मोजायचे कशावर?

क्रिस्टल रिपोर्ट्स या जुन्या रिपोर्ट-इंजिनची गोष्टच घ्या. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये टेरी कनिंगहॅम यांच्या कंपनीने १९९१च्या सुमारास अकाउंटिंग पॅकेजला जोड म्हणून 'क्विक रिपोर्ट्स' तयार केलं. म्हणजे जन्मापासूनच ते दुसऱ्याच्या घरात नांदायला निघालेलं. पुढे त्याचं क्रिस्टल रिपोर्ट्स झालं, आणि १९९३मध्ये मायक्रोसॉफ्टने ते व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) या प्रोग्राम लिहायच्या साधनासोबतच द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे पतसंस्थांसाठी, शाळांसाठी व्हीबीत प्रोग्राम लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी खतावण्या आणि पावत्या क्रिस्टलमधूनच छापल्या. मोजमाप सोपं होतं: प्रोग्रामरने आपल्या प्रतीचे पैसे भरायचे, ग्राहकाच्या पीसीवर रिपोर्ट चालवणारा भाग, म्हणजे रनटाइम, फुकट.

वेब आलं आणि हे गणित फिसकटलं. सर्व्हरवर प्रत एकच, पण तिच्या जिवावर हजार माणसं रिपोर्ट काढणार. मग परवाने सर्व्हरवर, प्रोसेसरवर, एका वेळी किती विनंत्या चालतील यावर बेतले जाऊ लागले. त्याच काळात रोमानियाच्या तेओदोर डान्चू यांनी २००१मध्ये जॅस्पररिपोर्ट्स हे रिपोर्ट-इंजिन मुक्तस्रोत म्हणून खुलं केलं. इंजिनच फुकट मिळू लागल्यावर विक्रेत्यांना सर्व्हर, सपोर्ट आणि कराराची हमी विकावी लागली. चार्ट आणि डॅशबोर्ड बनवणाऱ्या मेटाबेसने थोडी वेगळी वाट धरली. त्याची मुक्त आवृत्ती वापरून चार्ट बसवला की खाली मेटाबेसचं नाव दिसतं. ते काढायचं तर पैसे मोजा. मला ही युक्ती सरळ वाटते, कारण ओईएमवाल्याला खरं तर नाव झाकण्याचीच गरज असते.

क्लाउडमध्ये मापांचा गोंधळ आणखी वाढला. मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये पॉवर बीआय एम्बेडेड ही दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्ट बसवायची सेवा आणली तेव्हा आधी चार्ट किती वेळा उमटला ते मोजलं, काही महिन्यांतच वापराची सत्रं मोजली आणि २०१७मध्ये राखून ठेवलेल्या संगणक-क्षमतेचं भाडं सुरू केलं. अ‍ॅमेझॉनने २०१८मध्ये आपल्या क्विकसाइट या डॅशबोर्ड-सेवेच्या वाचकांसाठी, म्हणजे नुसते रिपोर्ट पाहणाऱ्यांसाठी, अर्ध्या तासाच्या सत्राला ३० सेंट, महिन्याला जास्तीत जास्त ५ डॉलर असा दर ठेवला. सत्रावर मोजणी असली की सॉफ्टवेअर विकणाऱ्याची पंचाईत होते: ग्राहक खूश होऊन रोज डॅशबोर्ड उघडू लागला की विकणाऱ्याचं बिल चढतं, आणि ग्राहकाची वर्गणी तर वर्षाची ठरलेली.

दरम्यान घरमालकही बदलत राहिले. क्रिस्टल १९९४मध्ये सीगेटकडे, २००३मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्सकडे आणि तिथून सॅपकडे गेलं. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१० या प्रोग्रामरांच्या साधनाच्या पेटीत ते उरलंच नाही, वेगळं उतरवून घ्यावं लागलं. जॅस्पररिपोर्ट्समागची कंपनी जॅस्परसॉफ्ट २०१४मध्ये टिबको या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली. २०१९मध्ये गूगलने लुकर या अ‍ॅनालिटिक्स कंपनीसाठी २.६ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. इंजिन एकदा पोटात बसवल्यावर ते उपसून काढणं म्हणजे शेकडो रिपोर्ट नव्याने लिहिणं, त्यामुळे करारात मुदत आणि दरवाढीइतकाच 'कंपनी विकली गेली तर' या कलमावरही वेळ जातो.