खुंटावरचं कलम : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स लावणं आणि राखणं

दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. गेल्या ऑक्टोबरात फळछाटणीची धांदल चालू असताना मी नाशिकहून तिकडे गेलो, तो त्यांच्या लॅपटॉपसाठी. फवारणीच्या नोंदी, मजुरांची हजेरी, व्यापाऱ्यांकडचं येणं, सगळं त्यातच. लॅपटॉप दहा वर्षांचा, रॅम ४ जीबी. सकाळी बटण दाबून मामा बागेत चक्कर मारून यायचे, तेव्हा कुठे पडदा कामाला तयार झालेला असायचा. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट थांबली आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय आणि त्याखेरीज बऱ्यापैकी नव्या पिढीचा प्रोसेसर, दोन्ही लागतात. नवा लॅपटॉप घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मी म्हटलं, “मामा, त्याआधी लिनक्स लावून बघू. पैसे काही पडत नाहीत.”

“लिनक्स म्हणजे नेमकं काय रे?” त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागलो. कर्नल नावाचा एक गाभा असतो. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसरचा किती वेळ द्यायचा, मेमरीचा कोणता तुकडा कोणाचा, डिस्कवर काय कुठे लिहायचं, दाबलेली कळ कोणापर्यंत पोचवायची, हे सगळं तो बघतो आणि स्वतः कधी दिसत नाही. त्याच्यावर खिडक्या, मेनू, ब्राउझर, हिशेबाचे तक्ते असं सगळं जोडून पूर्ण प्रणाली उभी करतात, तिला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे खाली डॉगरीज, वर थॉमसन.”

मी बरीच वर्षं लोकांना लिनक्स समजावतोय, पण इतकी नेमकी उपमा मला कधी सुचली नव्हती. आपल्याकडे द्राक्ष थेट लावत नाहीत. आधी डॉगरीजसारखा जंगली खुंट जमिनीत लावतात, कारण पाण्याची ओढ आणि खारं पाणी तो सोसतो. त्याने मुळं धरली की वर थॉमसन, सोनाका, शरद, ज्याला जे हवं त्या वाणाचं कलम बांधायचं. घड वरच्या वाणाचा, दम खालच्या खुंटाचा. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ही अशीच वेगवेगळी कलमं आहेत आणि खुंट सगळ्यांचा एकच. खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच खुंट आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून त्याच्यावर चालतं. १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर पहिल्यांदा उडालेलं इंजेन्युइटी हेलिकॉप्टरही लिनक्सवरच चालत होतं.

हा खुंट लावला लिनस टॉरवल्ड्सने. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. पहिली आवृत्ती सुमारे १० हजार ओळींची होती, आज त्या कर्नलमध्ये तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. एवढी वाढ एका माणसाच्या हातून होत नाही. ती झाली कारण १९९२ मध्ये त्याने कर्नल जीपीएल या परवान्याखाली दिला. हा परवाना रिचर्ड स्टॉलमनचा. १९८३ मध्ये त्याने मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला होता आणि जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ ची. तिचा सौदा साधा आहे: वापरा, आतला कोड वाचा, बदला, दुसऱ्यांना द्या, मात्र बदललेलं दुसऱ्याला देताना त्यालाही कोड आणि हेच सगळे हक्क द्या.

इंग्रजीत मुक्त आणि फुकट यांना एकच शब्द असल्यामुळे तिकडे हा फरक समजावण्यात फार शक्ती खर्च होते. मराठीला ती अडचण नाही, आणि नाशिककरांना तर अजिबात नाही. त्याच १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर उभं आहे आणि त्याच्या नावातल्या ‘मुक्त’चा अर्थ कोणी ‘फुकट’ असा लावत नाही. दार सगळ्यांना उघडं आहे, एवढाच तो अर्थ. लिनक्सला पैसे पडत नाहीत हे खरं, पण मला ते मोलाचं वाटतं ते त्या उघड्या दारामुळे.

आता लावण्याचं. सुरुवात करणाऱ्याने कोणतं कलम घ्यावं यावर लोक तासन् तास वाद घालतात. मी सरळ लिनक्स मिंट सांगतो, आणि जुनं यंत्र असेल तर त्याचं एक्सएफसीई हे हलकं रूप. २ जीबी रॅमवर ते चालतं, ४ जीबीवर नीट चालतं. पण डाउनलोड करण्याआधी कागदावर आपल्या गरजा लिहा. तुमचं सगळं काम टॅलीवर असेल तर ते विंडोजसाठी बनलेलं सॉफ्टवेअर आहे, तेव्हा विंडोज पूर्ण काढू नका. मामांचं काम एक्सेलच्या तक्त्यांचं होतं, ते लिब्रेऑफिस या तशाच कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधल्या फाइल असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या.

उतरवलेली फाइल साधारण ३ जीबीची असते. ती तपासून घेण्याची पायरी बहुतेक जण गाळतात, तुम्ही गाळू नका. संकेतस्थळावर त्या फाइलची शा-२५६ बेरीज दिलेली असते, ६४ अक्षर-अंकांची एक ओळ. आपल्याकडच्या फाइलवर तीच गणिती क्रिया केली की तीच ओळ यायला हवी. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी सगळी ओळ वेगळी येते. वाटेत तुटलेली किंवा कोणी छेडछाड केलेली फाइल त्यामुळे लगेच ओळखू येते.

मग ती पेनड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. इथे लिनक्सची मला सर्वांत आवडणारी सोय भेटते: अख्खी प्रणाली पेनड्राइव्ह आणि रॅममधून चालते, आतल्या डिस्कला हातही लावत नाही. वायफाय, आवाज, टचपॅड, प्रिंटर चालतात का ते बघून घ्या. नाहीच जमलं तर पेनड्राइव्ह काढा, लॅपटॉप होता तसा. बसवण्याचं बटण दाबायच्या आधी मात्र सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतलेली हवी. पुसलेली डिस्क परत भरून मिळत नाही.

मामांच्या लॅपटॉपमध्ये आणखी एक बदल केला आणि तो सांगायलाच हवा, नाहीतर सगळं श्रेय लिनक्सला जाईल. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. फिरती डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली फिरून येईपर्यंत वाट बघावीच लागते, त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेली माहिती वाचायची तर सेकंदाला शंभरेक वेळाच वाचता येते. एसएसडीत फिरणारं काही नाही. तीच कामं ती सेकंदाला हजारोंनी करते. सुरू व्हायचा वेळ मिनिटाच्या आत आला तो दोन्ही बदल मिळून.

विंडोजही शेजारी ठेवलं असेल तर एक गंमतशीर गोष्ट दिसते. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडतं. बॅटरीवरच्या मूळ घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं आणि भारतीय वेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. यंत्र बिघडलेलं नसतं. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की घड्याळ जुळतं.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी मांडणी जोडली की इनस्क्रिप्ट चालू होतं: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ‘ऱ’ मिळतो. ‘व्यापाऱ्याचं येणं’ बिनचूक लिहिता आलं, तेव्हा मामांना लॅपटॉप आपला वाटला.

बाग लावणं हे काही दिवसांचं काम, राखणं वर्षभराचं. आणि राखण्याबद्दल मला मामांना फार सांगावं लागलं नाही. उबुंटूची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. नाशिकमध्ये हे दोन महिने ऐकले की द्राक्षाच्या दोन छाटण्या, खरड छाटणी आणि फळछाटणी, आठवतात. दर सहा महिन्यांनी येणारी प्रत्येक आवृत्ती घ्यायची गरज नाही. दर दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती निघते. मिंट तिच्यावर बेतलेलं असतं. मिंट २२ ची मुळं एप्रिल २०२४ च्या आवृत्तीत आहेत आणि त्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील.

छाटण्यांच्या मधल्या काळात फवारणी असते, तशी इथे सुरक्षा अपडेट. खाली कोपऱ्यात ढालीचं चिन्ह असतं, त्यावर खूण दिसली की उघडायचं, पासवर्ड द्यायचा, बसवायचं. आठवड्यातून एकदा पुरे. डाऊनी (केवडा) रोग पानावर दिसल्यावर धावणारा शेतकरी उशिरा पोचलेला असतो हे मामांना ठाऊक आहे, म्हणून अपडेट का करायचं हे त्यांनी विचारलंच नाही. पासवर्ड का विचारतं, हे मात्र विचारलं. रोजचं खातं तुमच्याच फाइलींपुरतं असतं. प्रणालीच्या फाइलींना हात लावायचा तर ‘रूट’चा अधिकार लागतो आणि तो दर वेळी मागून घ्यावा लागतो. उगाच मध्येच पासवर्डची खिडकी आली तर देऊ नका, आधी कोण मागतंय ते बघा.

सॉफ्टवेअरही ज्या त्या संकेतस्थळावरून उचलायचं नाही. डिस्ट्रिब्युशनचं स्वतःचं कोठार असतं. त्याच्या यादीवर डिजिटल सही असते, यादीत प्रत्येक पॅकेजची बेरीज असते, आणि सही जुळली नाही तर यंत्र माल घेत नाही. तरीही कोठारापर्यंत विषारी माल पोचू शकतो. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला चाचण्या करताना जाणवलं की एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरण्याच्या सोयीने, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्ध्या सेकंदाकडे कोण बघतं? त्याने बघितलं. माग काढत तो एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या छोट्या प्रकल्पापर्यंत गेला. तिथे दोनेक वर्षं काम करून विश्वास मिळवलेल्या, ‘जिया टॅन’ नाव लावणाऱ्या कोणीतरी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला होता. कोड उघडा असल्यामुळे तो शोधता आला, आणि तो पोचला होता मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांत. डेबियनची स्थिर आवृत्ती वाचली. घरच्या यंत्राला नवीनात नवीन नको, स्थिर हवं, असं मी म्हणतो त्यामागे हे आहे.

एकदा अपडेट चालू असताना मामांकडे वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे यंत्र तिथेच बंद. त्यांनी घाबरून फोन केला. पण डिस्क शाबूत होती, कारण ईएक्सटी४ ही फाइल मांडण्याची पद्धत आडत्यासारखी कच्ची वही ठेवते. कोणती फाइल कुठे आहे, केवढी आहे, यातला बदल आधी त्या वहीत लिहिला जातो, मग पक्क्या खात्यात. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी वही वाचून नोंद पुरी करायची नाहीतर सोडून द्यायची, एवढंच ठरवावं लागतं. अर्धवट बसलेली पॅकेजेस राहिली होती. सुरू होतानाच्या मेनूतून रिकव्हरी मोडमध्ये जाऊन डीपीकेजीचा, म्हणजे पॅकेजेस दुरुस्त करण्याचा, पर्याय निवडायला मी फोनवरूनच सांगितलं आणि दहा मिनिटांत काम झालं. त्यानंतर त्यांनी नवी बॅटरी घेतली.

त्याच मेनूत जुने कर्नलही दिसतात. नवा नीट चालला नाही तर मागच्यावरून सुरू करता येतं, म्हणून एक मागचा ठेवायचा. बाकीचे साठत गेले की जागा खातात. अपडेट मॅनेजरमध्ये ते आपोआप काढण्याची सोय आहे, ती चालू करून टाका.

मिंटमधल्या टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमबद्दल फार जणांचा गैरसमज असतो. तो प्रणालीचं छायाचित्र काढून ठेवतो. अपडेटनंतर काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत नेतो. पण तुमची कागदपत्रं आणि फोटो त्यात आपणहून येत नाहीत, आणि डिस्कच मेली तर तिच्यावरची छायाचित्रंही गेली. हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर हवी, आणि ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत नको, कपाटात हवी.

मामांच्या फवारणीच्या तक्त्यात आता उजवीकडे एक रकाना वाढला आहे. तारीख, औषध, प्रमाण, आणि शेवटी ‘लॅपटॉप’. परवा त्यांनी विचारलं, पुढची मोठी आवृत्ती आली की ती कधी चढवायची? मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, “एप्रिलात, खरड छाटणी उरकली की. तोवर माल गेलेला असतो, येणं मिटलेलं असतं. दोन दिवस लॅपटॉप नसला तरी चालतं.”